भिंत फोडावी लागली नाही

गेल्या हिवाळ्यात अंगणापलीकडच्या संडासाकडे जाताना बुरुलची सासू बर्फावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. पुढचा बर्फ पडायच्या आत घराला लागूनच न्हाणी-संडास बांधायचा, हे बुरुलने तेव्हाच ठरवलं. नवरा एर्गेश उन्हाळ्यात सुट्टीवर आला, भिंती आणि छप्पर उभं करून पुन्हा रशियात कामाला गेला. नारीन शहरातला प्लंबर मात्र तीनदा 'उद्या येतो' म्हणाला आणि फिरकलाच नाही. ऑक्टोबर लागला तशी बुरुलनेच कंबर कसली. शिवणकारखान्यात मशिनी दुरुस्त करणारी बाई ती, पाना-पक्कड तिला नवी नव्हती.

"बाई वायरी ओढतेय, एवढंच बघायचं राहिलं होतं," सासू खाटेवरून म्हणाली.

"मग बघा ना एने. तुमच्यासाठीच चाललंय." बुरुल सासूला एने, म्हणजे आई, म्हणे.

पाण्याचे पाइप जोडून झाल्यावर तिने प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्र पसरलं. एका ठिकाणी कागद ओला झाला. तिथला एल्बो, म्हणजे पाइपचं वळण, कापून तिने नवा बसवला. दुसऱ्या दिवशी सगळे कागद कोरडे. विजेचं काम मात्र ती पावलोपावली शेजारच्या जुमाश बाइकेंना विचारून करी. ते वीजघरातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना बाइके, म्हणजे दादा, म्हणत. "अर्थिंग आणि करंट गळला की पडणारा ब्रेकर, या दोन गोष्टींत चालढकल नको," एवढं त्यांनी बजावलं होतं.

वायरी भिंतीत गेल्या, वर फरश्या बसल्या. शनिवारी सकाळी तिने गीझर लावला, बटण दाबलं. ब्रेकर खटकन पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. चूक भिंतीत असेल तर सगळ्या फरश्या उखडाव्या लागणार होत्या.

तेवढ्यात एर्गेशचा फोन आला. तिने काय झालं ते सांगितलं. "मी म्हणत होतो, माणूस बोलाव."

"माणूस आला असता तर मी कशाला हात घातला असता?" तिने फोन ठेवला.

मग तिने मशिनीचा दोष शोधतात तसं सुरू केलं, एकेक गोष्ट वगळत. गीझरचा प्लग काढून ब्रेकर वर केला. तो पडला नाही. त्याच सॉकेटवर किटली लावली. पाणी सुखाने उकळलं. ती तशीच जुमाश बाइकेंकडे धावली.

त्यांनी मीटर लावून सगळं तपासलं. "भिंतीत काही दोष नाही, पोरी. गीझरची कॉइल गेलीय. जुना आहे ना हा?"

"ह्यांच्या चुलतभावाने दिलेला."

"ब्रेकर पडला म्हणून निभावलं. नाहीतर म्हातारीला झटका बसला असता."

बुरुल तिथेच उंबऱ्यावर बसली.

बाजारातून नवी कॉइल आणून दुपारपर्यंत दोघांनी ती बसवली. सासूला धरून तिने न्हाणीतल्या स्टुलावर बसवलं. अर्धा तास झाला तरी आतून नुसता पाण्याचा आवाज.

"एने, ठीक आहात ना?" बुरुलने दार किलकिलं करून विचारलं.

"दार लोट आधी, वारा येतोय. आणि घाई करू नकोस."

बुरुलने दार लोटलं आणि एर्गेशला फोन लावला. "भिंत फोडावी लागली नाही," ती म्हणाली. पुढचं बोलण्याआधी तिने नाक ओढलं.

"रडतेस काय?" तो घाबरला.

"नाही रे," ती नाक पुसत म्हणाली. "तुझी आई आंघोळ करतेय."