पानामागे पाहणारा आरसा

“नुसतं वरून फवारू नकोस गं. पान उलटून बघ. पुढून सगळी पानं छानच दिसतात.”

मित्रांनो, हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. फक्त पानाच्या जागी पूर्वी दात असायचा. ज्या दिवशी ते कोबीबद्दल बोललं गेलं, त्या दिवशी ऐकणारीने हसून मान हलवली आणि फवाऱ्याचा खटका दाबत राहिली. त्या हसण्यापायी आधी कोबी जायची पाळी आली आणि पुढे तेच उलटून न बघणं बोलणारीच्याच जिवावर बेतलं.

मी एक जुना आरसा आहे. भिंतीवरचा नव्हे, दंतवैद्याचा. वीतभर पोलादी दांडी आणि टोकाला तिरकं बसवलेलं नाण्याएवढं गोल डोकं. कारखान्यात मला इतकं घासलं, इतकं चकाकवलं, की शेवटी पुसणाऱ्या बाईंनी माझ्यात स्वतःचं नाक पाहिलं आणि त्या हसल्या. ते माझं पहिलं दृश्य!

पुढची तीस वर्षं मी डॉक्टरीणबाईंच्या हातात काढली. श्वासाने धूसर होऊ नये म्हणून त्या मला कोमट पाण्यात बुडवायच्या आणि मग मी आत शिरायचो. समोरून मोत्यांसारखे दात, आणि मागे गेलो की दाढेत हे एवढं भोक! खुर्चीतला माणूस म्हणायचा, “काही दुखत नाही हो.” बाई म्हणायच्या, “ते आरशाला सांगू दे.” माझी छाती फुगायची. आरशाला छाती असती तर.

पुढे दवाखाना बंद झाला. मी रुमालात गुंडाळला गेलो. बाई एकट्याच एका इमारतीत राहायला आल्या आणि गॅलरीत भाजी लावू लागल्या. शेजारच्या घरात एक तरुण आई होती, तिचा नवरा होता आणि चार वर्षांची बिट्टी होती. दोन गॅलऱ्यांच्या मधे पत्र्याची आडभिंत, एवढंच अंतर. बिट्टी बाईंना ‘दातांची आजी’ म्हणायची, मग सगळेच आजी म्हणू लागले.

बिट्टीची आई भारी जपणारी. दुधाचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची, कुलूप लावल्यावर गॅस बंद केला का ते पाहायला परत वर यायची. बिट्टी भाजीला शिवत नसे, म्हणून तिने सहा कुंड्यांत कोबी लावला. “माझा कोबी मी खाणार,” असं बिट्टीने शपथेवर सांगितलं होतं. आई रोज कडुलिंबाच्या तेलाचं पाणी फवारायची, तेही फक्त वरून. आजींनी टोकलं, वर मला तिच्या हातात ठेवलं. “हा घे. पानं मोडू नयेत म्हणून खालून घालून बघायचं.”

“हो हो, बघते,” ती म्हणाली आणि मी खणात गेलो. संपलेले सेल, रबर बँड आणि मी. मित्रांनो, तीस वर्षं दाढा पाहिलेल्याला हे दिवस!

आठ दिवसांनी सकाळीच किंकाळी ऐकू आली.

“आईऽऽ! माझा कोबी कुणीतरी खाल्ला!”

“अगं, पण मी रोज फवारते!”

पत्र्यापलीकडून आवाज आला, “कुठून?”

“...वरून.”

“आरसा काढ.”

खण खसकन उघडला! उजेड! पुढच्याच क्षणी मी कोबीच्या पानाखाली होतो, आणि काय सांगू, असा बाजार मी कुठल्याही तोंडात पाहिला नव्हता. पिवळ्या अंड्यांच्या उभ्या रांगा. पानाच्या मधल्या शिरेला चिकटून, शिरेच्याच रंगाची हिरवीगार अळी. तिच्या शेजारी दुसरी.

“दिसली! आई, आरशात शेपटी दिसली!”

“शेपटी नाही ती, तोंड आहे. पाण्याचा मग समोर धर!”

बिट्टीने साबणाच्या पाण्याचा मग धरला, आईने नाक मुरडत पहिली अळी चिमटीत पकडली आणि टपकन टाकली. मग दुसरी. दहावीपर्यंत नाक मुरडायचं राहून गेलं. अंडी तिने बोटाने पुसून काढली. आजी पलीकडून हुकूम सोडत होत्या: “काळसर दाणे दिसतात का? ती अळीची घाण. जिथं दाणे, त्याच्या वरच्या पानामागं बघ!” तसं पाहिलं, तर खरंच होती! पहिल्या दिवशी सतरा निघाल्या. मी न्हाऊन निघालो होतो, आनंदाने आणि साबणानेही.

मग रोजचंच झालं. आई माझ्या दांडीने पत्र्यावर तीनदा टकटक करायची आणि पलीकडून सवाल यायचा, “आज किती?”

“नऊ!”

“माझ्या अकरा. हरलीस.”

“तुमच्याकडे मुळात अळ्याच जास्त, आजी. त्यात कसलं जिंकणं?”

“हरल्यावर सगळे असंच बोलतात!”

कधी आईने कंटाळून “हे पान ठीक आहे” म्हटलं, की पलीकडून लगेच यायचं, “ते आरशाला सांगू दे.” आईने जुन्या पडद्याची जाळी कुंड्यांवर टाकली. नऊच्या चार झाल्या, चाराची एक. पानं एकमेकांना मिठी मारून गड्डे धरू लागली.

आणि एके सकाळी टकटक केल्यावर सवाल आला नाही. नुसतं पलीकडून टक, टक, टक.

“आजी, बऱ्या आहात ना?”

“मजेत गं,” आतून आवाज आला. “आज जरा आळस केलाय. तू पोरीचं बघ.”

बिट्टीला त्या दिवशी सर्दी झाली होती. आई तिच्यामागे धावत होती. दुसऱ्या दिवशीही तेच, तीन टकटक आणि “मजेत”. मला मात्र तो सूर ओळखीचा होता. दाढ ठणकत असताना “काही दुखत नाही हो” म्हणणाऱ्याचा. पण आरशाला बोलता कुठे येतं?

तिसऱ्या सकाळी एक पांढरं फुलपाखरू आलं. आमच्या जाळीवर घिरट्या घालून पत्र्यापलीकडे गेलं. बिट्टी कान देऊन उभी राहिली.

“आई, आजीनं हुश् हुश् नाही केलं.”

आईच्या हातातला मग तसाच थांबला. आजींच्या गॅलरीत फुलपाखरू शिरलं, की वर्तमानपत्राचा फटफटाट अख्ख्या इमारतीला ऐकू जायचा. तिने टकटक केलं. उत्तर नाही. पुन्हा केलं. एकच टक आला, तोही अर्धा.

तिने बिट्टीला खोलीत नेऊन दार लावलं, मला घट्ट धरलं आणि हात पत्र्याच्या कडेवरून पलीकडे लांबवला. मी दाखवत गेलो. कोबीची पानं चाळणीसारखी. अळ्या पानांवर, चक्क समोरच्या बाजूला, उजेडात! आडवी पडलेली झारी. एक चप्पल कुंडीपाशी, दुसरी पार दाराजवळ.

“अगं बाई!”

खिळ्यावरची आजींच्या घराची जादा किल्ली, जिना नाही, चपला नाहीत, पाच पावलांत दार. मी तिच्या मुठीतच होतो. आजी कॉटवर होत्या. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, ओठ सुकलेले, अंगात ताप, हातात चमचा. तीन दिवसांपूर्वी झारीत पाय अडकून पडल्या होत्या. सरपटत आत आल्या होत्या. कॉटवरूनच भिंतीवर टकटक करत होत्या त्या याच चमच्याने.

“काही नाही गं, उगाच तुला लेकरवाळीला...”

“आजी,” तिचा आवाज फुटला, पण हसूही फुटलं, “ते आरशाला सांगू द्या.”

हाड मोडलं होतं. अंगातलं पाणी पार आटलं होतं. “अजून एक दिवस गेला असता तर...” एवढंच बोलून डॉक्टर थांबले. पण तो दिवस गेला नव्हता!

आजी प्लास्टर घालून घरी आल्या, तेव्हा बिट्टीचा कोबी कापायचा राखून ठेवला होता. बिट्टीने कच्चं पान कचकन चावलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“कडू आहे,” ती म्हणाली आणि दुसरं पान घेतलं.

“आणि माझ्या कोबीचं काय?” आजींनी विचारलं.

“बावन्न,” आई म्हणाली. “मीच वेचल्या. या वेळी तुम्ही जिंकलात.”

आता मी आडभिंतीजवळच्या खिळ्यावर असतो. कडेला गंज चढला आहे, मधोमध एक ओरखडा आहे. रोज सकाळी मला कोमट पाण्याने धुतात, मग आणखी काय हवं? आई आता टकटक करत नाही. सरळ दार उघडून आत जाते.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत असं एक माणूस असेल, जे भिंतीपलीकडून किंवा फोनवरून “मजेत” म्हणतं. आज त्याच्याकडे जा. दारातून विचारू नका, आत शिरा. पाण्याचं भांडं भरलेलं आहे का, चपला जोडीने आहेत का, कुंडीतली माती ओली आहे का, ते बघा. “कशाला आलास” म्हणालं तरी बसा थोडा वेळ. कोण ते माणूस, हे तुम्हाला आत्ता आठवलं आहे ना? मग हे पान मिटा आणि निघा.