मास्तरांचे गुडघे आणि आडवी सायकल

आमच्या सेलिनचं लग्न मोडायला आलं होतं ते तिच्या बापाच्या बुडापायी. हे मी असं उघड लिहिलेलं सेलिनच्या बापाला आवडणार नाही. न आवडू दे. तीस वर्षं त्यांच्या आवडीनिवडी सांभाळल्या, त्यातून मला काय मिळालं तर निरगुडीचा पाला शिजवायचं काम.

सेलिनचा बाप म्हणजे थॉमस मास्तर. वसईच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि सांडोरहून रोज सायकलीने जायचे. त्र्याऐंशी साली त्यांना मूळव्याधीने धरलं. सायकलीच्या सीटवर बसले की चेहरा असा व्हायचा की समोरून येणारा माणूस आपलं काही चुकलं का म्हणून बाजूला व्हायचा. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. पण गावातला डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. "ज्याला नकाशात अटलांटिक महासागर दाखवता येत नव्हता, त्याला मी हे दाखवू?" असं म्हणून ते ताटाशी येऊन उभे राहिले, कारण जेवणही उभ्यानेच चाललं होतं. वर मला शपथ घातली की घराबाहेर तर सोडाच, सेलिनलाही कळता कामा नये.

मग शाळेच्या वाचनालयात कुठलंसं विलायती मासिक आलं. त्यात एक गोरा माणूस आरामात मागे रेलून, पाय पुढे पसरून सायकल चालवत होता. मास्तरांना जणू साक्षात्कार झाला. त्यांनी दोन जुन्या सायकली कापून घेतल्या, पापडीच्या वेल्डिंगवाल्याकडून एकात एक जोडल्या आणि सीटच्या जागी माझ्या बापाने लग्नात दिलेली कापडी आरामखुर्ची पाय कापून बसवली. पेडलं पार पुढे गेली. खुर्ची दोन तिरक्या पाइपांवर होती, त्यांना भोकं पाडलेली. बोल्ट काढून खुर्ची मागे सरकवली की ती वरही जायची, पुढे घेतली की खाली यायची. मास्तरांनी ती सगळ्यात पुढच्या भोकात घट्ट आवळली. बूड कापडात झुलायला लागलं आणि कित्येक महिन्यांनी माझा नवरा शिट्टी वाजवताना ऐकू आला.

गावाला फुकटची करमणूक झाली. शेजारच्या आनंदीबाईंनी पहिल्या दिवशी पाय पुढे आणि डोकं मागे असं काहीतरी जाताना पाहिलं, आणि कुणाचं तरी शेवटचं निघालंय म्हणून हात जोडले. केळीच्या वाडीतली माणसं काम थांबवून विचारायची, "मास्तर, उशी देऊ काय?" मास्तर मान न वळवता जात. मान वळवली की सायकलही वळायची.

दोन महिन्यांत दुखणं बुडातून उठलं आणि गुडघ्यांत राहायला गेलं. दोन्ही गुडघ्यांच्या वाटीखाली असं दुखायचं की ओटा उतरताना ते भिंतीला धरत. तेल झालं, शेक झाला, पाल्याने घरभर कडू वास झाला. "वय झालं," असं ते म्हणायचे. वय बावन्न. एका रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेत घंटा वाजल्यावर सगळ्यांबरोबर गुडघे टेकले, तर परत उठवायला बाकावरचे दोघं लागले. त्या दिवसापासून सगळं देऊळ गुडघ्यावर गेलं तरी आमचे मास्तर मध्येच खांबासारखे उभे. कुणी विचारलं तर "असंच" म्हणायचे. गुडघ्याचं सांगितलं की सायकलीचं निघणार, आणि सायकलीचं निघालं की आडवी का केली तेही निघणार, याची त्यांना भीती. गावाने आपापसात ठरवलं की मास्तरांनी देव नाही असं सांगणारं काहीतरी पुस्तक वाचलंय.

त्याच सुमाराला सेलिनचं जमलं. बँकेच्या परीक्षेच्या क्लासात तिला राजोडीचा पॉल भेटला. मुलगा चांगला, नोकरीला लागलेला. बाप लुईस होडी घेऊन समुद्रावर जाणारा, आई जुलियाना बाजारात मासळी विकणारी. बागायतदारांच्या समाजातली पोरगी मासेमारांच्या घरी जाते म्हणून आमच्या आळीत थोडी कुजबुज झाली, तिला मी भीक घातली नाही. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागायच्या आधीच्या रविवारी आम्ही राजोडीला गेलो. आधी मिस्सा, मग जेवण, मग साखरपुड्याची बोलणी, असं ठरलं होतं.

मिस्सात घंटा वाजली. बाया, बापे, मुलं, सगळी खाली गेली. मास्तर उभे. जुलियानाबाईंनी हात जोडल्या जोडल्या डोळे वर केले आणि ते शेवटपर्यंत खाली आणलेच नाहीत.

जेवणं झाली. पापलेटाचं कालवण इतकं छान होतं की मला वाटलं, विसरल्या असतील. त्या विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुम्ही देवापुढं गुडघे टेकत नाय?"

"जरा त्रास आहे," मास्तर म्हणाले.

"कसला?"

मास्तर हातातल्या पाण्याच्या पेल्यात बघू लागले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय मागे ओढून घेतला.

"पॉल तर सांगतो तुम्ही रोज सायकल मारता," जुलियानाबाई म्हणाल्या. "म्हंजे सायकलीला गुडघे हायेत, देवाला नाय. ऐका मास्तर. माझा मानूस समुद्रावर जातो. तो पानी तोडून परत येतो तो कोनाच्या जोरावर? घरात गुडघे टेकनारी मानसं हायेत म्हनून. नास्तिकाची पोर घरात आनून मी रोज त्याला होडीत कशी बसवू? आता उपवासकाळ, त्यात काय ठरवायचं नाय. ईस्टर झाला की आम्ही सांडोरला मिस्साला येतो. मी बघते, मग ठरवते."

त्यांचा मला राग आला, पण बोलण्यात खोट काढता येईना. घरी येईपर्यंत सेलिन आमच्या चार पावलं पुढे चालत होती. ओट्यावर आल्यावर एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्हाला काय होतंय ते सरळ सांगत का नाय? माझ्यापेक्षा मोठं हाय काय ते?" मास्तरांनी नकाशांचं पुस्तक उघडलं. ते उलटं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर कुणाचं तरी झबलं शिवत बसले होते. मास्तर शाळेला निघाले. अंगणात त्यांनी पेडल मारायला सुरुवात केली आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं. वर येणारा गुडघा हनुवटीपाशी येत होता. खाली जाणारा पायसुद्धा सरळ म्हणून होत नव्हता. आणि पाठीला खुर्चीचा टेका असल्यामुळे, अडकलेलं दार पायाने ढकलावं तसे ते दात आवळून रेटत होते. साध्या सायकलीवर माणूस फार तर उभा राहून अंगाचा भार टाकतो. इथे मागे खुर्ची आणि पुढे पेडल, मध्ये चेंगरतोय कोण, तर गुडघा. घाईत असले की मीही मशीनजवळ स्टूल ओढून बसते, आणि संध्याकाळी वाटीखाली अगदी तिथेच दुखतं. स्टूल वीतभर मागे घेतलं की थांबतं. एवढी साधी गोष्ट, आणि मी तीन महिने पाला शिजवत बसले होते.

संध्याकाळी मी म्हटलं, "खुर्ची मागच्या भोकात घ्या. गुडघे बरे होतील."

"नाही जमणार," मास्तर म्हणाले.

"का नाही?"

"मागे घेतली की वर जाते. पाय जमिनीला टेकत नाहीत."

"चालवताना पाय जमिनीला कशाला टेकायला हवेत?"

ते म्हणाले, "क्रूसासाठी."

आमच्याकडे जितकी वळणं तितके क्रूस. जाता येता माणूस कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावतो आणि पुढे जातो. साध्या सायकलीवरून एक हात सोडून चालता चालता होतं. या आडव्या जनावराचा एक हात सोडला की ते सरळ पाटाच्या पाण्यात. तसे मास्तर एकदा गेलेही होते, केळीची दोन झाडं घेऊन. म्हणून ते प्रत्येक क्रूसापाशी थांबायचे, दोन्ही पाय जमिनीला टेकायचे, खूण करायचे आणि पुन्हा रेटा देऊन निघायचे. पाय टेकावेत म्हणून खुर्ची पुढे आवळलेली. खुर्ची पुढे म्हणून गुडघे गेले, गुडघे गेले म्हणून देवळात उभे, आणि उभे म्हणून नास्तिक.

"म्हणजे रस्त्यावरच्या देवापायी तुम्ही देवळातला देव दुखावलात," मी म्हटलं.

"दोघं एकच आहेत, आग्नेस."

"मग एकालाच काय तो नमस्कार करा. दुसरा समजून घेईल."

त्यांना पटलं नाही. लहानपणापासून एकही क्रूस चुकवला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी ते दुपारच्या झोपेत घोरायला लागले तेव्हा मी पाना घेतला आणि खुर्ची मागच्या भोकात आवळून टाकली. वर बोल्टचं डोकं असं ठोकलं की त्यांना तो परत निघेना.

चिडले खूप. पण शाळेत तर जायला हवं. ओट्याला टेकून बसायचे, शाळेच्या भिंतीला धरून उतरायचे, मध्ये थांबणं नाही. क्रूस आला की मान खाली घालून घंटी वाजवायचे. "निदान हाक तरी मारतो," असं म्हणायचे. रेटा देऊन निघणं बंद झालं, पाय मोकळे फिरायला लागले, आणि उपवासकाळ सरता सरता गुडघ्यांनी कुरकुर सोडली. गुड फ्रायडेला ते घरच्या अल्तारापुढे, येशूच्या तसबिरीसमोर, गुडघ्यावर बसलेले मी पाहिले. मी सैपाकघरात जाऊन डोळे पुसले. एव्हाना गावात नवी बातमी फिरली होती की मास्तर आता क्रूसालाही थांबत नाहीत.

ईस्टरनंतरच्या रविवारी राजोडीची मंडळी आली. जुलियानाबाई, लुईस आणि नवा शर्ट घातलेला पॉल. मिस्सात घंटा वाजली आणि मास्तर गुडघ्यावर गेले. सहज गेले, सहज उठले. जुलियानाबाईंनी त्या वेळी वेदीकडे पाहिलंच नाही, त्या माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी सेलिनच्या गालावरून हात फिरवला. मला वाटलं, सुटलो.

पण गुडघे बरे झाल्याने मास्तरांना शिंगं फुटली होती. "तुम्ही चालत या, मी पुढे जाऊन दार उघडतो," म्हणत ते देवळाच्या पायरीवरून खुर्चीत चढले. आम्ही वळणावरच्या क्रूसापाशी थांबून खूण करत होतो, आमच्यामागे मिस्साहून परतणारं निम्मं गाव. तेवढ्यात मागून मास्तर आले, मान खाली घालून दोनदा घंटी वाजवली आणि क्रूसावरून तसेच पुढे.

जुलियानाबाईंचा हात खांद्यावरच थांबला. "हा मानूस देवालाच बाजूला व्हायला सांगतो काय?" त्या म्हणाल्या. "चल पॉल. घरी चल."

मास्तरांनी ते ऐकलं. थांबायला गेले, पाय पुरले नाहीत आणि सायकलीसकट निवडुंगाच्या कुंपणावर कलंडले. कुणीतरी हसलं. सेलिन धावली, त्यांना उठवलं, शर्टातले काटे काढायला लागली. रडत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे तोंड करून, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणाले, "मला मूळव्याध आहे."

एकदा सुरुवात केल्यावर मास्तर धडा अर्धा सोडत नाहीत. मूळव्याध कुठे असते, तिच्यामुळे खुर्ची कशी आली, खुर्ची पुढे का होती, गुडघे कसे गेले, मागे कशी झाली, आणि घंटी का, सगळं सांगितलं. गर्दीत तो डॉक्टर होता. त्याच्याकडे बघून म्हणाले, "उद्या येतो रे तुझ्याकडे." कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. गावासमोर मला लाज वाटायला हवी होती. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की त्या क्षणी माझ्या बापाची खुर्चीसुद्धा मी माफ केली.

जुलियानाबाईंनी लुगड्याचा पदर खोचला आणि पुढे होऊन ती अवजड सायकल एका हाताने उभी केली.

"बसा," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"बसा म्हनते ना."

मास्तर चढून बसले. होड्या ओढलेल्या हातांनी जुलियानाबाईंनी मागून खुर्ची धरली. सायकल जागची हलली नाही.

"करा आता क्रूस. सावकाश करा."

मास्तरांनी हात कपाळाला नेला, छातीला नेला, मग दोन्ही खांद्यांना. संपल्यावर डोळे मिटून तसेच बसून राहिले. जुलियानाबाईंनी घाई केली नाही. मग मान वळवून हाक मारली, "पॉल, इकडं ये. धर. तुझा सासरा हाय, यापुढं तूच धरायचा."