एका दमात दोन नावं

वर्ना टॉलेफसन हट्टाला पेटली होती. राहतं घर मृत्युपत्रात रेडिओ केंद्राला द्यायचं तिचं पक्कं झालं होतं, पण दोन वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचं, ऑरिनचं नाव रेडिओवर वाचलेलं तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

"ते नाही जमायचं, वर्नाबाई," केंद्राची व्यवस्थापक जनेल म्हणाली. "अशी देणगी हाती आल्यावरच नाव वाचतो आम्ही. म्हणजे... तुमच्यानंतर."

"माझ्यानंतर ऐकणार कोण? मांजर?"

जनेलला हसू आवरेना. वर्ना मात्र घुश्शात खिडकीबाहेर बघत बसली. नॉर्थ डकोटातल्या त्या गावात बिनजाहिरातीचं हे एवढंच केंद्र, श्रोत्यांच्या जिवावर चाललेलं. दर वसंतात देणगीचा आठवडा यायचा आणि सकाळच्या बातम्यांनंतर देणाऱ्यांची नावं वाचली जायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऑरिननं गुपचूप वर्नाच्या नावानं देणगी धाडली, वर्नानं त्याच्या. न्याहारीच्या टेबलावर दोन्ही नावं ऐकून दोघंही चाट पडली. शहाण्या माणसांनी पुढच्या वर्षी दोघांच्या नावानं एकच धाडली असती. ह्यांनी एकेचाळीस वर्षं तोच वेडेपणा केला. केंद्राकडून आभारादाखल कॉफीचे मग इतके आले की कपाटाचं दार लागेना. फार सुखाचे दिवस होते ते.

एखाद्या दिवंगताची देणगी जाहीर झाली, की ऑरिन पावाला लोणी लावायचा थांबायचा. "भला माणूस होता गं," म्हणायचा. त्या माणसाला तो जन्मात भेटलेला नसायचा!

हे आठवलं आणि वर्नाचा राग उतरला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुणीतरी असंच क्षणभर थांबेल. तेवढं तिला पुरेसं वाटलं.

"बरं, लिही. ऑरिन आणि वर्ना टॉलेफसन. आजवर आमच्या नावांच्या मध्ये कायम कुणीतरी तडमडायचं, कधी दाताचा डॉक्टर, कधी पाद्री. या वेळी कुणाला घुसू द्यायचं नाही. एका दमात वाचायचं."

जनेलनं लिहून घेतलं. वर्नानं सही केली, पण खुर्ची काही सोडली नाही.

"वाचून दाखव बघू. तुमच्या निवेदकांचा काय भरवसा!"

जनेलनं घसा साफ केला आणि बातम्या द्याव्यात तशा आवाजात वाचलं, "ऑरिन आणि वर्ना टॉलेफसन."

एवढ्या वर्षांत ती नावं अशी शेजारी शेजारी कधी आलीच नव्हती. वर्नाला रडू फुटलं.

"पुन्हा वाच, पोरी," ती म्हणाली.