लॉर्डसाहेबांनी मानलेले आभार

लॉर्ड ऑगस्टस थॉर्नबी तेराव्या वर्षी नौदलात आले, ते स्वतःचा नोकर आणि मुरंब्याच्या बरण्या घेऊन. चुलते खात्यात वर बसलेले, म्हणून पंचविसाव्या वर्षी आमचे कप्तान झाले. जरा लाटा उठल्या की साहेबांच्या खोलीचं दार बंद.

जहाज खडकावर चढलं त्या दिवशी पाण्याची खोली मोजायची दोरी माझ्या हातात होती. मी ओरडत होतो, "पाच वाव! चार वाव!" साहेब पाहुण्या बायकांबरोबर जेवत होते. त्यांचा निरोप आला, "त्या माणसाला गप्प करा. जेवणात व्यत्यय नको."

चौकशीत दोष वाट दाखवणाऱ्या पास्कोवर गेला. मला कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. पास्कोची नोकरी गेली, आणि दोन वर्षांत तो झुरून मेला.

१८६८ साली साहेब आमच्या गावातून पार्लमेंटला उभे राहिले, त्यांच्या विरुद्ध बॅकहाउस. तेव्हा मत मंचावर चढून, सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं असे. आमचं घर साहेबांच्या मालकीचं. त्यांचा कारभारी क्रूडसन आदल्या दिवशी दारात येऊन म्हणाला, "जोब, छान उबदार आहे हं घर."

तो गेल्यावर बायको, हेस्टर, म्हणाली, "साहेबांचं नाव घ्यायचं आणि उतरायचं. पोपटालासुद्धा जमतं ते. थंडीत मला रस्त्यावर आणू नकोस, म्हाताऱ्या."

मीही तेच ठरवलं होतं. पण मतदानाआधी साहेब मंचावरून भाषण करू लागले. दारुड्या पास्कोच्या हातून आपण जहाज कसं वाचवलं, ते सांगत होते. पास्को दारूच्या थेंबाला शिवत नसे. त्याची विधवा गर्दीत उभी होती. लोक तिच्याकडे वळून हसत होते.

माझी पाळी आली. कारकुनानं विचारलं, "मत कोणाला?"

"बॅकहाउस!" मी ओरडलो. "आणि पास्को शुद्धीत होता! खोली मी मोजत होतो, साहेब जेवत होते!"

साहेबांनी मी काय म्हणालो ते न ऐकताच हसून माझा हात हातात घेतला. "शाब्बास, खलाशीदादा! तुमच्या मताबद्दल आभारी आहे."

लोक पोट धरून हसले. क्रूडसन तेवढा हसला नाही.

साहेब निवडून आले. पंधरा दिवसांत आम्ही घर सोडलं. भांडी बांधताना हेस्टर घुश्शात होती.

"पास्कोची बायको आली होती," ती म्हणाली. "तिच्याकडची मागची खोली देतेय. छप्पर गळतं."

"मग?"

"मग काय? उचल ते पातेलं."