हावोदची माणसं

"हावोदची जमीन हावोदच्या रक्तालाच जाणार," इद्वालकाकांनी चहात साखर ढवळत फर्मान काढलं. "रक्ताचं कुणी सापडलं नाही, तर झाडं लावणाऱ्या कंपनीला विकून मोकळा होतो."

मी पावाला लोणी लावत होते. चौदा वर्षं मी या एकट्या माणसाच्या मेंढ्या सांभाळल्या, लोकर कातरली, कुंपणं दुरुस्त केली आणि वर त्याची बोलणी खाल्ली. हावोदचं शेत आपल्याला मिळावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि काकांना ते पक्कं ठाऊक होतं. पण काका म्हणते तेवढंच, नातं काही नाही; माझे वडील दुकानदार, म्हणून अख्ख्या खोऱ्यात मी 'दुकानवाली नेरिस'. आमच्याकडे निम्मे लोक जोन्स आणि उरलेले डेव्हिस, त्यामुळे आडनावाला कुणी विचारत नाही. माणूस ज्या शेतावर राहतो, त्याच्या नावाने ओळखला जातो.

"मग शोधा की रक्त," मी म्हणाले.

"मी कशाला? तू शोध. माझा चष्मा मेंढीने तुडवलाय."

म्हणजे माझ्या पायावर धोंडाही मीच मारून घ्यायचा!

चॅपेलमागे 'हावोद' असं कोरलेली तीन थडगी ओळीने आहेत. काकांचे आजोबा इव्हान, आणि त्यांचे आईबाप मोरिस नि कात्रिन. आजोबा काकांच्या जन्माआधीच गेलेले. दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी काका ती तिन्ही थडगी घासून लख्ख करतात, डॅफोडिलची फुलं वाहतात आणि "हे माझं घराणं!" म्हणून छाती फुगवतात. शेताचं नाव एक म्हणजे कूळ एक, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

चॅपेलचं दप्तर डिलिसबाईंकडे. वय ऐंशी, पण जीभ अठराची. आमच्यातला माणूस दुसरीकडे राहायला गेला, की जुन्या चॅपेलची चिठ्ठी नव्या चॅपेलला नेऊन देतो. त्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात आम्ही दोघींनी तीन दुपारी घातल्या, आणि इव्हानची चिठ्ठी हाती लागली; बाकीचं दप्तरातल्या जुन्या नोंदींत निघालं. इव्हान तीन खोरी ओलांडून आलेला, हावोदवर गडी म्हणून! मोरिस-कात्रिनला मूलबाळच नव्हतं, त्यांनी शेत या गड्याला दिलं. मोरिस तरी कुठला? मेंढ्या हाकत बाजाराला चाललेला, हावोदवर पाणी मागायला थांबला तो कायमचाच. आणि कात्रिन दूधदुभत्याच्या कामाला आलेली पोर. म्हाताऱ्या मालकिणीने तिच्यावर जीव लावला आणि शेत तिच्या हवाली केलं.

डिलिसबाई टेबलावर थाप मारून हसल्या. "अगं, सगळेच उपरे! थांब, मीपण येते. मला इद्वालचं तोंड बघायचंय."

मी त्यांना नेलं नाही. खरं सांगते, वाटेत मला भीती वाटली. काकांकडे मिरवायला त्या तीन दगडांखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि ते काढून घेणारी मी. चिडून उद्याच कंपनीला फोन लावतील, असंही वाटलं. पण खोटं नातं सांगून मिळालेल्या शेतात मला झोप लागली नसती.

सगळं ऐकून काका लालबुंद झाले. "म्हणजे साठ वर्षं मी दोन परक्यांची थडगी घासली?"

"छान घासलीत पण."

"चालती हो!"

मी गेले, आणि सकाळी नेहमीसारखी कामावर आले. चार दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. जे बोलायचं ते कुत्र्याला. "मोट, तिला सांग, फाटक लावून घे म्हणावं." मोट बिचारा दोघांकडे बघायचा.

शनिवारी डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणायचा दिवस होता. सगळ्या शेतांची माणसं जमली, कळप मोठ्या मेंढवाड्यात कोंडला आणि कानावरच्या खुणा बघून निवड सुरू झाली. फाटकावरचा माणूस एकेका शेताचं नाव पुकारतो, त्या शेताच्या मालकाने पुढे व्हायचं आणि आपल्या मेंढ्या घ्यायच्या.

"हावोद!"

दर वर्षी काका नाव पुरतं उच्चारू देत नसत. आज ते दगडी भिंतीवर बसून अगदी सावकाश सफरचंद सोलत होते.

"हावोद! अरे, हावोदचं कुणी आलंय की नाही?"

"काका, तुमचं नाव घेतायत," मी हळूच म्हणाले.

काकांनी चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीसारखाच खेकसणारा. "बहिरी झालीस का? तुला बोलावतायत. आणि सोमवारी वकिलाकडे जायचंय, ते शेणाचे बूट घालून येऊ नकोस."

मला रडू आलं, हसूही आलं. लोक बघत होते. "आले!" म्हणून मी इतक्या जोरात ओरडले, की फाटकापाशी आलेल्या मेंढ्या बिथरून उलट्या पळाल्या, आणि त्या पुन्हा गोळा करायला सगळ्या खोऱ्याला माझ्या मागे धावावं लागलं.