कपाला कप

बाईंनी कप उंच धरला, सगळ्यांना दाखवला आणि त्या परक्या भाषेत एकेक शब्द सुटा करून विचारलं, "हे काय आहे?"

"कप!" अकरा जण ओरडले. बारावे सुतारकाका खिडकीबाहेर बघत बसले.

सहा आठवडे हेच चाललं होतं. बाईंचा नियम कडक होता: वर्गात आपल्या भाषेतला एक शब्दही नाही. सांगायचं ते हातवारे करून, चित्रं काढून, वेळ पडली तर नाचून, पण त्याच भाषेत, आणि समोरच्याला कळेल इतकं सोपं. 'पडणे' शिकवताना बाई खरोखरच खुर्चीवरून पडल्या होत्या आणि पुढे आठवडाभर कंबर शेकत होत्या. वर्ग मात्र खूश होता. बेकरीवाल्या वहिनी तर एवढ्या सुटल्या होत्या की आता त्यांना गप्प कसं करायचं हाच प्रश्न होता. फक्त सुतारकाकांच्या तोंडात मिठाची गुळणी.

आणि नेमकं त्यांचंच सगळ्यात जास्त अडलेलं. एकुलती एक लेक त्या देशात, चार महिन्यांचं बाळ पदरात, नवरा गेलेला. काकाही इथे एकटेच. लेकीजवळ कायमचं राहायचं तर त्या भाषेची तोंडी परीक्षा द्यावी लागते, आणि ती आयुष्यात तीनदाच देता येते. काका दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा परीक्षकासमोर चकार शब्द काढला नव्हता. तिसरी आणि शेवटची खेप तीन आठवड्यांवर आली होती.

संस्थेच्या संचालकांनी त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंना ऑफिसात बोलावलं आणि चाळीस प्रश्नोत्तरांचा कागद पुढे सरकवला.

"खेळ पुरे झाले, बाई. हे त्या सुतारांकडून घोकून घ्या."

"मागच्या दोन्ही वेळेला घोकूनच गेले होते ते."

"मग तुमच्या पद्धतीने तरी काय दिवे लावले?"

 बाई मुळातच हट्टी, त्यात डिवचलेल्या. "मी त्यांना बोलतं करीन," त्या म्हणाल्या. "नाही झालं, तर माझा वर्ग बंद करा." बोलून गेल्या आणि जिन्यात उरलेले दिवस बोटांवर मोजत उतरल्या.

वर्ग सुटला तेव्हा काका मागे थांबले होते. वर्ग संपला की नियमही संपायचा, त्यामुळे ते आपल्या भाषेत बोलले.

"बाई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा की."

"तुम्हाला कप माहीत नाही का?"

बाईंनी नकळत मान डोलावली.

"माहीत आहे ना? मग रोज विचारता कशाला? हे काय, पेन कुठे आहे, खिडकी उघडी की बंद. तुम्हाला दिसतंय की! बावन्न वर्षांचा माणूस मी. लोक मला विचारतात, दार का करकरतं, टेबल का डुगडुगतं. त्यांना माहीत नसतं म्हणून विचारतात. मला माहीत असतं म्हणून सांगतो. आणि मी दोन बस बदलून इथे येतो ते कपाला कप म्हणायला? खोटं कशाला बोलू, मला वाटतं तुम्ही माझी मापं काढताय."

"आणि परीक्षेत काय झालं?"

"तिथेही तेच. त्या साहेबानं पेन नाचवलं माझ्यासमोर. डोकं असं फिरलं, की घोकलेलं सगळं गेलं."

बाईंना आधी संताप आला. सहा आठवडे माकडासारख्या उड्या मारतेय मी, कंबर मोडून घेतली, आणि यांचा अपमान झाला म्हणे! बस येईपर्यंत त्या धुसफुसत होत्या. बसमध्ये बसल्यावर मात्र त्यांना मनापासून लाज वाटली. घरी गेल्या गेल्या चहा घेऊन त्यांनी पाठांची वही उघडली आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रत्येक प्रश्न पेन्सिलीने खोडला. अख्ख्या वहीत दोन प्रश्न उरले: 'तुम्ही जेवलात का?' आणि 'बस उशिरा का आली?'

दुसऱ्या दिवशी बाईंनी कप घरीच ठेवला. वर्गातल्या कपाटाचा खालचा खण वर्षभर अडकलेला होता. त्यात त्यांची सगळी चित्रं. तो ओढून ओढून त्यांचं मनगट दुखायचं. त्या काकांसमोर उभ्या राहिल्या आणि त्या भाषेत म्हणाल्या, "काका. हा खण. मी रोज ओढते. येत नाही. का?"

काकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, थट्टा चाललीय का म्हणून. थट्टा नव्हती. बाईंना खरंच माहीत नव्हतं. काका उठले. अंगठ्याने खण दाबला, खाली वाकून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं आणि आपल्या भाषेत बोलायला लागले. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्यांच्या हातात खडू दिला. काकांनी फळ्यावर फळी काढली, तिच्यावर थेंब, मग शेजारी तीच फळी, पण फुगलेली.

बाई एकेक शब्द पुरवत गेल्या. "लाकूड. पाणी पितं. जाड होतं."

"लाकूड," काका म्हणाले. घसा साफ केला. "लाकूड पाणी पितं. जाड." आणि नेमकं दारात येऊन उभ्या राहिलेल्या संचालकांच्या पोटाकडे त्यांची नजर गेली. "जाड," ते पुन्हा म्हणाले. वर्ग असा हसला की संचालक आल्या पावली परत गेले.

वहिनी गप्प बसतात होय! त्यांच्या बेकरीचं दारही असंच अडकायचं. "काय करायचं?" त्यांनी त्याच भाषेत विचारलं. काकांना सांगावंच लागलं. तास संपला तरी ते सांगतच होते, निम्मं चुकीचं, पण कळत होतं.

पुढचे तीन आठवडे बाईंनी माहीत असलेलं काहीच विचारलं नाही. काळजी एकच होती. परीक्षक पेनच दाखवणार. आदल्या दिवशी त्यांनी काकांना अक्षरशः विनवलं, "पेन म्हणून टाका हो. माझ्यासाठी."

"बघतो," काका म्हणाले.

परीक्षेच्या खोलीचं दार फरशीला घासत होतं, पूर्ण लागतच नव्हतं. त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्या बाईंना सगळं ऐकू येत होतं. सकाळपासून तीस जणांना तेच विचारून परीक्षकांचा आवाज पार विटला होता.

"हे काय आहे?"

 बाईंनी डोळे मिटले. म्हणा हो काका, एक शब्द, तिकडे लेक वाट बघतेय.

"साहेब," काकांचा आवाज आला, त्याच भाषेत, सावकाश. "पेन. तुम्हाला माहीत. मला माहीत. तुम्हाला नाही माहीत, ते विचारा."

संपलं, बाईंना वाटलं.  आत पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. 

"हे दार," परीक्षक म्हणाले, आणि आवाज वेगळाच होता. "चार वर्षं झाली. लागत नाही. का?"

खुर्ची सरकली. काका बाहेर आले, बाईंकडे न बघता त्यांच्या पायाशीच वाकले, दार मागेपुढे केलं, बिजागरीवर बोट ठेवलं. "दार चांगलं. हे थकलं. दार खाली बसलं." परीक्षकही येऊन शेजारी वाकले. कुठला स्क्रू? दार कापावं लागेल का? किती वेळ लागेल? काका सांगत होते, अडत होते, हाताने दाखवत होते, पुन्हा सांगत होते. बाई पाय वर घेऊन बाकावर बसून राहिल्या.

"तुम्ही दुरुस्त कराल?" परीक्षकांनी शेवटी विचारलं.

"हो. उद्या. पुढच्या महिन्यात नाही." काका उभे राहिले आणि गुडघे झटकले. "पुढच्या महिन्यात मी लेकीकडे."

परीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं. आत गेले, टेबलावरचं तेच पेन उचललं आणि काकांच्या निकालाच्या कागदावर सही केली.

"मग उद्याच या," ते म्हणाले.