खरकटा हात

सासऱ्याचा अपमान म्हणजे कुटुंबसंस्थेच्या मुळावर घाव, यावर शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांचं एकमत आहे. मतभेद एवढाच, की अपमान कशाला म्हणायचं.

नव्याण्णव सालच्या धोंड्याच्या महिन्यात दौंडकडच्या राहू गावच्या संपतरावांनी जावयाला जेवायला बोलावलं. विश्वजीत मूळचा शिरूरकडच्या तळेगाव ढमढेऱ्याचा. कुरकुंभला कंपनीत कामाला, तिथंच खोली करून राहिलेला. नवरा-बायकोचं भांडण झालं त्या दिवाळीपासून सुलक्षणा माहेरीच होती. आज जेवणं झाली की तिनं त्याच्याबरोबर जायचं, असं ठरलं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

स्वयंपाकाला वेळ होता, म्हणून संपतरावांनी भाड्यानं व्हिडिओ आणला. पिक्चरमधल्या जावयानं जेवण आटोपलं आणि सासऱ्याकडं बघत ताटातच हात धुतला. सासरा अजून जेवत होता. तेवढ्यात लाइट गेली.

"अपमान केला त्यानं," संपतराव म्हणाले.

"घरचं समजून धुतला असंल, मामा."

"सासरा जेवतुय आन् ह्यो हात धुतुय?"

"शिफ्ट असंल त्याची."

"म्हंजी तुम्हीबी धुवाल?"

"मामा, पिक्चर हाय त्यो."

"पिक्चर बघूनच मानसं बिघडत्यात, जावईबापू."

लाइट काही आली नाही. पानं वाढली. विश्वजीतनं धोंडे संपवले आणि खरकटा हात ताटावर धरून तो बसून राहिला. संपतरावांचंही झालं होतं. पण जावयाची परीक्षा घ्यायचा योग तीन वर्षांनी एकदा येतो. त्यांनी भात मागितला. मग आमटी. मग परत भात. विश्वजीतच्या बोटांवरचं पुरण वाळलं.

"आप्पा, पुरं की आता," सुलक्षणा म्हणाली.

"भूक हाय मला."

रस्त्यावर कुरकुंभच्या जीपनं हॉर्न दिला. दुसऱ्या पाळीला खाडा झाला, तर ठेकेदार परत उभं करत नसे. विश्वजीत खरकट्या हातानंच उठला.

"चल," तो सुलक्षणाला म्हणाला.

"आप्पा जेवत्यात. ते उठल्याबगर कशी येऊ?"

हॉर्न परत वाजला. तो गेला.

संपतरावांनी घास खाली ठेवला. "बघितलंस? त्या पिक्चरमधल्यानं निदान हात तरी धुतला हुता."

त्यानंतर यांनी बोलावलं नाही आणि तो आला नाही. पिशवी काही दिवस दाराशीच होती; येता-जाता पायात येते म्हणून माळ्यावर गेली.

दोन वर्षांनी तोच पिक्चर केबलवर लागला. सुलक्षणानं राहूतच बसून पाहिला. हात धुऊन झाल्यावर पुढं गाणं होतं. त्यात सासराही नाचत होता.